मराठी कॉमेंट्री मिळाली, कॉमेंटेटर कधी मिळणार?

मार्च संपत आला की दोन गोष्टी हमखास येतात, हापूसच्या पेटीचे भाव आणि मराठी कॉमेंट्रीवरचं भांडण. कुणीतरी आयपीएलच्या मराठी फीडची, म्हणजे मराठी कॉमेंट्रीवाल्या प्रक्षेपणाची, वीस सेकंदांची क्लिप टाकतं, खाली हसून हसून लोळणाऱ्या स्मायली, "यापेक्षा म्यूट बरं", "कानातून रक्त आलं", मग दुसरी बाजू बाह्या सरसावून येते की तुम्हाला मराठीचीच लाज वाटते, भोजपुरी कॉमेंट्री कौतुकाने शेअर करता, तमिळ माणूस बघा कसा आपल्याच भाषेत ऐकतो, आणि तुम्ही? दोन दिवस हे चालतं, तिसऱ्या दिवशी कुणाची तरी हॅटट्रिक होते आणि सगळे गप्प. पुढच्या मार्चला परत हीच क्लिप, हीच भांडणं, माणसंसुद्धा बहुतेक तीच.

मला वाटतं दोन्ही बाजू चुकीच्या वेशीवर भांडतायत. मराठी कॉमेंट्री हवीच, यात माझ्या मनात काडीची शंका नाही. पण आत्ता जे कानावर पडतं ते बऱ्याचदा मराठी शब्दांत बोललेलं हिंदी असतं, आणि ते तसं का आहे याचं उत्तर मराठी भाषेत शोधून सापडणार नाही, ते सामने दाखवण्याचे हक्क कसे विकले जातात आणि माइकसमोर कोणाला बसवलं जातं यात आहे. भाषेचा अभिमान हा मुद्दा मध्ये आणला की हा सगळा व्यवहार आपोआप पडद्याआड जातो, आणि मग विकणाऱ्यालाही बरंच.

आधी हसणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. ऐकताना कृत्रिम वाटतं, हे शंभर टक्के खरं. "आणि हा चेंडू जाणार आहे सीमारेषेच्या पार, चार धावांसाठी" असं वाक्य मराठी माणूस कुठल्या जन्मी बोलतो? हे "गेंद जाएगी सीमा रेखा के पार, चार रनों के लिए" आहे, फक्त कपडे बदललेत. आपण काय म्हणू? "गेला! कोणी नाहीये तिकडे. चौकार." संपलं. पण इथे हसणारे लोक एक उडी मारतात जी मला पटत नाही, ते म्हणतात की बघा, क्रिकेट मराठीत बोलताच येत नाही, शब्दच नाहीत, जे आहेत ते पुस्तकी आहेत.

शब्द नाहीत? त्रिफळाचीत हा शब्द कुणी केला ते मला माहीत नाही पण ज्याने केला त्याला साष्टांग नमस्कार. तीन दांड्या म्हणजे जणू तीन फळं, आजीच्या डब्यातलं त्रिफळा चूर्ण, आणि त्याला जोडलेलं "चीत" सरळ कुस्तीच्या आखाड्यातून उचललेलं. पाठ टेकली की पैलवान चीत, स्टंप उडाले की बॅट्समन चीत. मग त्याच साच्यातून पायचीत निघाला, धावचीत निघाला, यष्टिचीत निघाला. एका परक्या खेळाचे बाद होण्याचे निम्मे प्रकार आपण आपल्या मातीतल्या खेळाच्या भाषेत बसवले, आणि ते इतके बसले की पेपरात "रोहित शर्मा पायचीत" वाचताना कुणालाच अडखळायला होत नाही. हिंदीत याला पगबाधा म्हणतात, ठीक आहे, पण पायचीतची मजा त्यात आहे का? सांगायचं काय, तर आपल्याकडे शब्दांची अडचण कधीच नव्हती. अडचण वाक्याची आहे. आणि वाक्य बिघडतं ते दुसऱ्या भाषेत विचार करून बोललं की.

हे आधी जमलेलं आहे, म्हणून तर राग येतो. पुण्याचे बाळ ज. पंडित हे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले गृहस्थ, त्यांनी आकाशवाणीवरून मराठीत जे केलं ते ऐकत एक अख्खी पिढी वाढली. माझे काका अजून सांगतात की गल्लीत एका घरी ट्रान्झिस्टर आणि बाहेर ओट्यावर दहाबारा जण, आणि कुणालाही मैदान दिसत नव्हतं पण वारा कुठून वाहतोय ते माहीत होतं. काका थोडं वाढवून सांगतात हे मला कळतं. तरीपण मुद्दा आहेच, की रेडिओवाल्याला फुकट काही मिळत नाही. बॉलर कुठून येतोय, फील्डर कुठे आहे, स्कोर काय, किती ओव्हर राहिल्या, हे सगळं त्यालाच बोलून उभं करायचं असतं, नाहीतर ऐकणाऱ्यासमोर नुसता अंधार.

वि. वि. करमरकरांचं उदाहरणही इथे आठवतं. मराठी पेपरात खेळाला रोजचं हक्काचं पान त्यांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये मिळवून दिलं. त्याच्या आधी खेळाची बातमी म्हणजे उरलेल्या कोपऱ्यात दोन ओळी. आज एकही मराठी पेपर खेळाच्या पानाशिवाय निघत नाही. आधी वाचक आणि मग पान असं झालं नाही, आधी पान आलं, नीट लिहिलेलं पान, आणि वाचक त्याच्या मागोमाग आला. "मराठीत कोण ऐकणार, सगळ्यांना हिंदी कळतं की" असं म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

तो हिंदीचा मुद्दा मात्र जोरदार आहे, तो असा उडवून लावता येणार नाही. स्टार स्पोर्ट्सने २०१७ मध्ये तमिळ चॅनेल काढलं, पुढच्या वर्षी तेलुगू आणि कन्नड. हे दक्षिणेच्या प्रेमापोटी नाही झालं, तिथे हिंदी फीड चालत नाही म्हणून झालं. आपल्याकडे ती चालते. जो माणूस आधीच हिंदी फीडवर जाहिरात बघतोय त्याला मराठी फीड देऊन कंपनीला नवीन काय मिळणार? धंद्याच्या बाजूने हे बरोबरच आहे, आणि "आम्ही दोन्ही भाषा समजतो" हा आपला मोठेपणा असा आपल्याच अंगाशी येतो.

मग तरीही मराठी आली कशी? इथे पैशाची गोष्ट सांगावीच लागते, थोडी मागून.

नव्वदच्या दशकापर्यंत दूरदर्शन हा एकच दरवाजा होता, आणि सामना दाखवण्याचे पैसे क्रिकेट बोर्डाला मिळायचे सोडाच, उलट बोर्डानेच दूरदर्शनला द्यायचे अशी तऱ्हा होती. १९९३ च्या हिरो कपाला बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला हक्क विकले, सरकारने हरकत घेतली, कोर्टकचेऱ्या झाल्या. सचिनने सेमीफायनलला साउथ आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या ओव्हरला सहा धावा वाचवल्या, ती हीच स्पर्धा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. लोकांनी यातलं दुसरं अर्धं लक्षात ठेवलं. पहिलं अर्धं, सार्वजनिक मालमत्ता वालं, ते विसरलं गेलं. खरं तर निकालात असंही होतं की लहरींचं नियंत्रण लोकांच्या वतीने एका स्वतंत्र संस्थेकडे हवं, त्या खाजगी मक्तेदारीच्याही हाती जाऊ नयेत. पण दरवाजा उघडला होता, पैसा आत आला.

आणि केवढा आला! २०१८ ते २०२२ च्या आयपीएलसाठी स्टारने १६,३४७.५० कोटी मोजले. त्यानंतरच्या पाच वर्षांचे, २०२३ ते २०२७ चे, सगळ्या कंपन्यांचे मिळून ४८,३९० कोटी. एका सामन्याला साधारण ११८ कोटी, म्हणजे वीस वीस ओव्हर धरल्या तर एका चेंडूला एकोणपन्नास लाखांच्या आसपास. मी हे बघून "पैशाने खेळ नासला" वगैरे म्हणणार नाही, ते म्हणणं सोपं असतं आणि बरंचसं खोटं असतं. दूरदर्शनच्या काळात ओव्हरचा पहिला चेंडू जाहिरातीत जायचा, ऐन रंगात बातम्या लागायच्या, एकाच बाजूचा कॅमेरा म्हणून निम्म्या ओव्हर विकेटकीपरची पाठ बघायची. १९८३ मध्ये टनब्रिज वेल्सला कपिलने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केले, वर्ल्ड कप त्या खेळीवर उभा आहे, आणि त्याचं चित्रीकरणच नाही. आज गल्लीतल्या मॅचचंही असतं. बायकांच्या लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले ते याच पैशाच्या पुरामुळे, सांगलीच्या पोरीला आज करोडोंची बोली लागते ती त्यामुळेच. हे सगळं कबूल.

पण चेंडूला एकोणपन्नास लाख मोजलेल्या माणसाला शांतता परवडत नाही. म्हणून सगळे सतत बोलत असतात. त्यात २०२२ च्या लिलावात टीव्ही आणि डिजिटल वेगवेगळे विकले गेले, टीव्ही डिस्ने स्टारकडे, फोन वायकॉम १८ कडे, म्हणजे एकच सामना, एकच चित्र, आणि दोन दुकानं समोरासमोर. मग फोनवाल्यांनी २०२३ ला आपल्या जिओसिनेमा ॲपवर फुकट दिलं आणि भाषा दिल्या बारा, त्यात मराठी. आंदोलनाचा वाटा होता का? मनसेने आधी हॉटस्टारकडे मागणी केली होती, दबाव टाकला होता, स्टारकडे २०२२ च्या सीझनला मराठी होतीही, ते श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण बारा भाषांपैकी बाकीच्या अकरासाठी काही मनसेने मोर्चा काढला नव्हता ना? दोन दुकानांची चुरस होती, गिऱ्हाईक ओढायचं होतं, म्हणून फुकटच्या दुकानाच्या दारातही मराठीची पाटी लागली.

आणि आता ती दोन दुकानं एक झाली. नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार. फुकटचा जमाना त्याच सीझनला आटोपला, रिचार्जच्या पॅकबरोबर घ्या नाहीतर वेगळे पैसे भरा. ज्या चुरशीत मराठी फीड फुकट घरोघरी पोचली ती चुरसच उरली नाही. उद्या खर्च कापायचा ठरला तर पहिली कुऱ्हाड कशावर पडेल? म्हणून मला त्या ट्रोल करणाऱ्यांपेक्षा आपल्या अभिमानवाल्यांची जास्त काळजी वाटते, ते पाटी मिळाली यातच खुश आहेत. "आहे ना मराठी, मग कशाला नावं ठेवता" हे वाक्य कंपनीने लिहून दिलं असतं तरी इतकं तिच्या सोयीचं झालं नसतं.

आता कॉमेंट्री करणाऱ्या माणसांबद्दल. माजी खेळाडूंना बसवतात, आणि त्यात गैर काही नाही, आतली गोष्ट त्यांनाच कळते. केदार जाधव तर २०२३ मध्ये मराठी कॉमेंट्री करता करता थेट आरसीबीच्या टीममध्ये गेला, डेव्हिड विलीच्या जागी, असं जगात कुठल्या भाषेच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये झालंय का! केदारचं बोलणं मला तरी आवडतं, पुण्याचं तिरकस आहे. पण खेळाडू हा तज्ज्ञ असतो, निवेदक हे वेगळं काम आहे. जुन्या जमान्यात बॉबी तल्यारखान मुंबईच्या सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री दिवसभर एकट्याने करायचे, मायक्रोफोन दुसऱ्याला द्यायचा विषय निघाला तेव्हा आकाशवाणीशी बिनसलं त्यांचं. इतका हट्ट कुणी करावा असं नाही, पण बोलणं हीच एक कला आहे आणि ती बॅटिंगच्या सरासरीवर ठरत नाही हे त्या माणसाला माहीत होतं. इंग्रजी बॉक्समध्ये हर्षा भोगले आहे, तो कधी रणजीसुद्धा खेळला नाही. आपल्या मराठी बॉक्समध्ये हर्षा भोगलेची खुर्ची कुणाची?

आणि माणसं नाहीत असं म्हणू नका, कृपा करून. कधी गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान ऐकलंय? नुसतं ऐकलंय, बघितलं नाही असं? लाउडस्पीकरवरचा निवेदक पैलवान आखाड्यात उतरायच्या आत त्याचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या वर्षी कुणाला कुठल्या डावावर आस्मान दाखवलं, बापाने कशी म्हैस विकून खुराक पुरवला, सगळं सांगून मोकळा होतो. कुस्ती धरली की तो कमी बोलतो. घिस्सा लागला की आवाज चढतो, आणि चितपट झाली की तो गप्प बसतो आणि लोकांना ओरडू देतो. हे त्याला कुणी प्रॉडक्शन मीटिंगमध्ये शिकवलेलं नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात जा, तिथे बारी सुटायच्या आधी बैलांची नावं, मालकाचं नाव, गाव, आणि मग "झाली भिर्रर्र", बारा सेकंदांत सगळं संपतं पण त्या बारा सेकंदांचा हिशोब एका दमात. रायगड-रत्नागिरीत, कल्याण-डोंबिवलीच्या आगरी पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा युट्यूबवर लाइव्ह असतात, मंडपातला समालोचक सकाळी नऊपासून रात्रीच्या फ्लडलाइटपर्यंत बोलतो, मधेच "अमुक शेठ यांच्याकडून सिक्सला पाचशे रुपये" हेही सांगतो. म्हणजे कॉमेंट्रीत जाहिरात घुसवायचं कामही ही मंडळी आयपीएलवाल्यांपेक्षा गोड करतात!

यावर म्हणणार की गावच्या मैदानावरचा आवाज राष्ट्रीय स्पर्धेला कसा शोभेल, फार रांगडा होईल, डेटा कळणार नाही, इम्पॅक्ट प्लेअरचा नियम समजावता येणार नाही. थोडं खरं आहे. महिनाभर शिकवावं लागेल. पण माजी खेळाडूला बोलायला शिकवण्यापेक्षा बोलणाऱ्याला स्ट्राइक रेट शिकवणं सोपं नाही का? आणि रांगडेपणाचं म्हणाल तर प्रो कबड्डी आठवा. २०१४ ला वरळीच्या डोममध्ये ती सुरू झाली तेव्हा मातीतला खेळ मॅटवर, दिव्यात, चकचकीत, सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. पण खेळ घेतला आणि भाषा मैदानावर सोडून आले. चढाईची रेड झाली, लोणाचा ऑल आउट झाला, कोपरारक्षकाचा कॉर्नर झाला. लोण चढवणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या पोरांना आज ऑल आउट सांगावं लागतं, आणि ते रांगडेपणाच्या भीतीनेच.

एक गोष्ट या वादात कुणीच बोलत नाही, तिचं मला नवल वाटतं. फोनमुळे टीव्ही परत रेडिओ झालाय. विरार लोकलला संध्याकाळी सव्वासातला बघा, फोन खिशात आणि एक इअरफोन कानात, कारण फोन डोळ्यासमोर धरायला हातच मोकळा नसतो. रिक्षावाला स्टँडला लावतो पण बघतो रस्त्याकडे, निदान तशी आशा करू या. स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवलेला असतो आणि लक्ष तव्याकडे. हे सगळे लोक मॅच ऐकतायत. आणि त्यांना जी कॉमेंट्री मिळते ती मोठ्या स्क्रीनसमोर सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी केलेली असते, "वा! काय फटका आहे!" एवढंच. अरे कुठे मारला, कोणी मारला, कुणाला मारला? बाळ पंडितांची जी कला जुनी झाली म्हणून आपण माळ्यावर टाकली तिचीच आज पुन्हा गरज पडलीय, आणि ती गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा मराठी फीड ऐकणाऱ्यांना जास्त आहे असं मला वाटतं.

सरकारी बाजूलाही एक वाट आहे जी आपण मागतच नाही. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खाजगी चॅनेलने प्रसार भारतीला द्यायचे, जाहिरातींशिवायचा सिग्नल, उत्पन्न टीव्हीचं ७५-२५ आणि रेडिओचं निम्मं निम्मं. आयपीएल त्यात येत नाही, आणि हा कायदा झाला तेव्हा फोनवर मॅच ही कल्पनाच नव्हती म्हणून स्ट्रीमिंगला तो लागत नाही. पण भारताचे वन डे आणि टी ट्वेन्टी येतात. सह्याद्री वाहिनी आहे, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीला आकाशवाणीची केंद्रं आहेत. कंपनीच्या ऑफिसवर जाणाऱ्यांनी एकदा आकाशवाणीच्या दारात जाऊन "आम्हाला परत मराठी कॉमेंट्री द्या, कुस्तीच्या मैदानातली माणसं घ्या" असं म्हटलं तर? तिथे काचा फोडायला मजा येणार नाही हे मान्य.

आणि आयपीएलच का? मार्च २०२४ ला वानखेडेवर रणजीची फायनल होती, मुंबई विरुद्ध विदर्भ. दोन्ही संघ याच राज्यातले. मुंबईने बेचाळिसावं विजेतेपद घेतलं आणि शेवटची विकेट काढली ती शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने, उमेश यादवच्या दांड्या उडवून. मुंबईचा बॉलर, नागपूरचा बॅट्समन, त्रिफळाचीत. या सामन्याच्या मराठी कॉमेंट्रीसाठी कुणी एक पोस्ट टाकलेली मला दिसली नाही, ना हसणाऱ्यांची ना अभिमानवाल्यांची.

गेल्या सीझनला आमच्याकडे आईने हट्टाने मराठी लावलं होतं. ती पोळ्या करत होती, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. दोघे कॉमेंटेटर कुणाच्या तरी हेअरस्टाइलवर बोलत होते, हसत होते, मग अचानक गर्दीचा आवाज वाढला, "अविश्वसनीय! अविश्वसनीय!" असं तीनदा झालं. आईने लाटणं हातात धरूनच बाहेर डोकावून विचारलं, "अरे, आउट झाला का सिक्स मारली?"